हरभरा का शिजत नाही : नववीच्या पाणी-प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून २०२५, बुधवार

शाळा सुरू होऊन तिसरा दिवस. प्रकल्पाचा विषय फळ्यावर लिहायच्या आधीच खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी तो देऊन टाकला. दुपारी स्वयंपाकखोलीच्या दारात भांडण चाललं होतं. गॅसची टाकी महिनाभर पुरत नाही म्हणून मुख्याध्यापक सर विचारत होते आणि मावशी म्हणत होत्या, "सर, ह्या बोअरच्या पाण्यात हरभरा म्हातारा व्हतोय पर शिजत न्हाई. मी काय करू?" डाळीपुरतं पाणी त्या आडावरून आणतात, रोज चार घागरी. ज्या दिवशी कंबर दुखते त्या दिवशी बोअरचं पाणी आणि त्या दिवशी गॅस जास्त.

नववीच्या वर्गात हेच विचारलं. अर्धी मुलं म्हणाली पाणी 'जड' आहे, दोघं म्हणाले 'खारं' आहे. पाठ्यपुस्तकातला 'दुष्फेन' (ज्यात साबणाला सहज फेस येत नाही असं पाणी) हा शब्द एकालाही आठवला नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. या गावात तो शब्द कोणाच्या तोंडी नाही. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "जड म्हणजे खरंच जड का मॅडम? वजन करू?" करू म्हटलं. पोषण आहाराच्या वजनकाट्यावर एकेक लिटर बोअरचं आणि नळाचं पाणी ठेवलं. काटा दोन्हीला सारखाच. मुलं हिरमुसली. त्यांना सांगितलं की फरक असला तरी लिटरमागे ग्रॅमच्या आत असणार, आणि हा काटा पाच ग्रॅमच्या खालचं बोलत नाही.

पाणी चार प्रकारचं घ्यायचं ठरलं : शाळेचा बोअर, गावचा आड, आठवड्यातून एकदा येणारं धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी आणि पाऊस पडला की पावसाचं. बाटल्या स्वच्छ धुऊन, ज्या पाण्याचा नमुना त्याच पाण्याने तीनदा खंगाळून आणायच्या.

२० जून, शुक्रवार

साबणाची चाचणी. पूर्ण फसली.

काल रात्री सरी आल्या म्हणून चौथी बाटलीही मिळाली. पत्र्याच्या पन्हाळीखाली बादली लावली होती; पहिलं गढूळ पाणी ओतून दिलं, नंतरचं ठेवलं. चार परीक्षानळ्यांत प्रत्येकी १० मिली पाणी, वरून साबणाचं द्रावण थेंबाथेंबाने, दर थेंबाला हलवायचं, आणि फेस दोन मिनिटं टिकला की थेंब मोजून लिहायचे. अपेक्षा अशी की बोअरला खूप थेंब लागतील. प्रत्यक्षात चारही नळ्यांत दोन-तीन थेंबांतच फेस. मावशींचं म्हणणं खोटं पडलं म्हणून मुलं खूश, मी गोंधळलेली.

कारण संध्याकाळी घरी कपडे भिजवताना सापडलं. एका मुलीने आणलेली वडी कपडे धुण्याची होती आणि ती साबणाची नव्हतीच, डिटर्जंटची होती. आपण दोन्हींना 'साबण'च म्हणतो. साबण म्हणजे मेदाम्लांचं सोडियम लवण. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भेटलं की त्यांचं न विरघळणारं लवण होतं आणि बादलीच्या कडेला तो चिकट पांढुरका मळ बसतो. डिटर्जंटची कॅल्शियम लवणं मात्र पाण्यात बऱ्यापैकी राहतात, त्यामुळे जड पाण्यातही फेस येतो. घरोघरी डिटर्जंट आल्यापासून धुणाऱ्या बाईला पाणी जड असल्याचं कळेनासं झालं. डाळ शिजवणारीला अजून कळतं.

२१ जून, शनिवार

सकाळची शाळा, योग दिन. वज्रासनात बसलेल्या मुलांच्या खिशात परीक्षानळ्या होत्या. त्या काढून घेतल्या.

आज खरा साबण. आंघोळीच्या वडीच्या वेष्टनावर टीएफएम ७६ टक्के लिहिलेलं असलं की ती पहिल्या प्रतीची, म्हणजे तिच्यात मेदाम्लं भरपूर. ती किसली, कोमट पावसाच्या पाण्यात विरघळवली. थेंब असे लागले :

पाऊस २, नळ १२, आड २१, बोअर ४६.

बोअरच्या नळीत फेसाआधी दह्यासारखे कण तरंगू लागले. "हाच आपल्या बंबाजवळचा मळ," असं एकीने बघताक्षणी ओळखलं.

आज एक मुलगी आजीकडून रिठे घेऊन आली. आजीने सांगून पाठवलं होतं की बोअरला साबण वापरू नका, रिठा वापरा. रिठ्याचं पाणी चारही नळ्यांत घातलं, चारही नळ्यांत सारखा फेस. रिठ्यातलं सॅपोनिन कॅल्शियमशी साबणासारखं गुठळी धरत नाही. माझ्या आखणीत रिठा नव्हता. आजींच्या नावावर नोंद केली.

२४ जून, मंगळवार

कॅल्शियम येतं कुठून? हा प्रश्न मी विचारायच्या आधी शेतातून आला. काळ्या रानात नांगरताना पांढरट गुठळ्या निघतात, आम्ही त्याला चुनखडी म्हणतो. एका मुलाने खिसाभर आणली. त्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे सुटले, कान जवळ नेला की चरचर ऐकू येते. हेच खडे भट्टीत भाजून पूर्वी चुना करायचे आणि घाणीत मळून वाड्यांच्या भिंतींत घालायचे. गावातल्या जुन्या गढीच्या भिंतीचा पोपडा आणून त्यावरही लिंबू पिळलं. तीच चरचर.

पण लिंबू जमिनीत कोण पिळतं? इथे आजचा मुख्य प्रयोग. पानपट्टीवरचा खाण्याचा चुना एक चमचा, लिटरभर पावसाच्या पाण्यात ढवळून काल ठेवला होता. वरची निवळी गाळून घेतली. प्रत्येकाने पेल्यात थोडी घेऊन नळीने फुंकायचं. (ओढायचं नाही, हे चारदा सांगितलं. तरी एकाने ओढलंच. गुळणी करायला लावली.) पाऊण मिनिटात निवळी दुधासारखी. हे सगळ्यांना पाठ आहे : कार्बन डायऑक्साइडने चुन्याची निवळी दुधाळ होते. पाठ्यपुस्तकातली ओळ संपली की मुलं फुंकायचं थांबवतात. आज थांबू दिलं नाही. तीन-चार मिनिटं, गाल दुखेपर्यंत. आणि दूध हळूहळू पुन्हा नितळ झालं.

वर्गात शांतता. एकाने पेला उजेडाकडे धरून विचारलं, "चुना गेला कुठं?"

कुठेच गेला नाही. न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटने आणखी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेतलं आणि त्याचं विरघळणारं कॅल्शियम बायकार्बोनेट झालं. पेल्यात आता जड पाणी आहे, तुम्ही तोंडाने बनवलेलं. साबणाचे थेंब टाकून पाहिले, दही झालं. मग तोच पेला स्पिरिटच्या दिव्यावर तापवला. उकळी फुटायच्या आधीच पुन्हा गढूळ.

जमिनीत हेच होतं. मुळं आणि मातीतले जीव श्वास सोडतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. झिरपणारं पावसाचं पाणी तो घेऊन खाली जातं, वाटेत चुनखडी खातं; आणि खाली आपला काळा पाषाण, बेसाल्ट, त्याच्या खनिजांतही कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहेच. पाणी जितका जास्त काळ खडकात राहील तितकं जास्त घेऊन येईल. आड चाळीस फुटांचा, बोअर पाचशे फुटांचा.

२७ जून, शुक्रवार

साबणाचे थेंब ठीक, पण आकडा हवा. तालुक्याच्या दुकानातून ईडीटीए, एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून मोजणी संपल्याचं सांगणारा दर्शक) आणि अमोनिया बफर (द्रावण अल्कधर्मी ठेवणारं) आणलं. कनिष्ठ महाविद्यालयातल्या ओळखीच्या प्राध्यापकांनी एक ब्युरेट (खाली तोटी असलेली मापाची लांब नळी) उसनी दिली, फोडू नका म्हणून दोनदा बजावून.

ईडीटीएचं काम असं : त्याचा एक रेणू कॅल्शियमचा किंवा मॅग्नेशियमचा एक आयन खेकड्यासारखा चहूबाजूंनी धरतो. दर्शकाने आधी धरून ठेवलेला आयनही शेवटी हिसकावून घेतो आणि त्या क्षणी द्रावण दारूच्या लाल रंगाचं निळं होतं. 'दारूच्या लाल' म्हटल्यावर वर्ग हसला, म्हणून 'कोकमच्या सरबताचा' असं लिहून घेतलं. मोजणीची ही पद्धत झुरिकच्या श्वार्झेनबाख यांनी १९४०च्या दशकात रुळवली.

३.७२ ग्रॅम ईडीटीएचं डायसोडियम लवण, एक लिटर पाण्यात. ५० मिली नमुना, बफर, चिमूटभर दर्शक, कोकम रंग. ब्युरेट सोडली. १०, २०, ३० मिली. रंग तसाच. ४०. मुलं आळीपाळीने शंकुपात्र फिरवतायत. ५० मिलीवर ब्युरेट संपली, रंग कोकमचा कोकम. घंटा झाली.

बफर जुनं? दर्शक खराब? वास तर अमोनियाचा सणसणीत येत होता. रात्रभर डोक्यात तेच.

३० जून, सोमवार

सापडलं. द्रावण बनवताना लिटरची खूण गाठायला पाणी कोणतं वापरलं, असं विचारलं. उत्तर : "बोअरचं, मॅडम. नळ जवळ होता." जे पाणी मोजायचं त्याच पाण्यात मापकाठी भिजवून ठेवली होती. बाटलीतच निम्मं ईडीटीए बोअरच्या कॅल्शियमने खाऊन टाकलेलं. मी रागवायच्या बेतात होते, पण मग गणित मांडून पाहिलं आणि ते इतकं छान जुळलं की राग राहिला नाही. ते खाली येईलच.

ऊर्ध्वपातित पाणी आणायचं कुठून? स्टँडजवळच्या गॅरेजमधून. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी, पाच लिटरचा कॅन. आधी त्याचीच परीक्षा : बफर आणि दर्शक घातला की थेट निळं, ईडीटीएचा एकही थेंब न लागता. पास.

नवं द्रावण, पुन्हा अनुमापन, प्रत्येकी तीनदा. ५० मिली नमुन्याला लागलेले मिली गुणिले २० केलं की लिटरमागे किती मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) ते मिळतं.

पाऊस ०.४ मिली, म्हणजे ८.
नळ ६.५ मिली, १३०.
आड १२.० मिली, २४०.
बोअर २६.० मिली, ५२०.

भारतीय मानक १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी २०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं आहे. म्हणजे आमचा बोअर 'चालवून घ्यावं' मधला. इथे मुलांना स्पष्ट लिहायला लावलं की या चाचणीने पाणी पिण्याजोगं आहे की नाही ते कळत नाही. फ्लोराइड, नायट्रेट, जंतू यांतलं काहीच हे दाखवत नाही. जलजीवन मिशनचं तपासणी किट गावातल्या ज्या बायकांना शिकवलंय, त्यांच्याकडे एक नमुना दिला.

आता शुक्रवारचं गणित. कॅल्शियम कार्बोनेटचे १०० मिलिग्रॅम म्हणजे एक मिलिमोल; बोअर ५२०, म्हणजे लिटरला ५.२ मिलिमोल कॅल्शियम-मॅग्नेशियम. ईडीटीए लिटरला १०. बाटलीतच ५.२ गेले, उरले ४.८. नमुन्यातल्या ०.२६ मिलिमोलला असं अशक्त द्रावण ५४ मिली लागलं असतं. ब्युरेट ५० ची. चार मिलीवरून हुकलो! पाणी ओतणाऱ्या मुलालाच हे फळ्यावर मांडायला लावलं.

३ जुलै, गुरुवार

उकळून किती उतरतं? लिटरभर बोअरचं पाणी वीस मिनिटं खळखळ उकळलं, थंड करून गाळलं. १३.५ मिली, म्हणजे २७०. निम्म्याने उतरलं, असं लिहून मोकळे होणार होतो. तेवढ्यात गाळणारी मुलगी म्हणाली की लिटर कुठंय, मोजपात्रात ७८० मिलीच आहे. वाफ गेली ती नुसत्या पाण्याची. बॅटरीचं पाणी घालून पुन्हा लिटर केलं आणि मोजलं : १०.५ मिली, २१०.

म्हणजे ५२० पैकी ३१० उकळून जाणारं, बायकार्बोनेटचं. २१० हटवादी, क्लोराइड आणि सल्फेटचं. पुस्तकात याला तात्पुरता आणि कायमचा दुष्फेनपणा म्हणतात. बंबाच्या तळाशी बसते ती खपली या ३१० मधली. मावशींच्या पातेल्याच्या कडेचा पांढरा थर खरवडून लिंबू पिळलं, चरचर. पोरांना आता चरचरीचं व्यसन लागलंय, दिसेल त्यावर लिंबू पिळतात. खडूवर काहीच झालं नाही त्याचं त्यांना वाईट वाटलं. आमचा खडू चुनखडीचा नाही, जिप्समचा.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी. वर्ग पेंगुळलेला, निम्मी मुलं दिंडीत चालून आलेली. छोटाच प्रयोग केला.

१८४१ साली ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क यांनी पेटंट घेतलं : जड पाण्यात चुना घालून पाणी मऊ करायचं. चुन्याने जड झालेल्या पाण्यात आणखी चुना? मुलांना हा विनोद वाटला. पण मागच्या फुंकण्याच्या प्रयोगातच उत्तर होतं. बायकार्बोनेटने घेतलेला जादा कार्बन डायऑक्साइड नव्या चुन्याने ओढून घेतला की दोघंही कार्बोनेट होऊन तळाला. काट्याने काटा. लिटरभर बोअरला दीडशे मिली निवळी घातली, पाणी लगेच धुरकट, दुसऱ्या दिवशी वरचं नितळ पाणी ११.५ मिली, म्हणजे २३०. पाणी वाढलं ते धरून साधारण २६५. (हा हिशेब यावेळी मला सांगावा लागला नाही.)

११ जुलै, शुक्रवार

हटवादी २१० साठी धुण्याचा सोडा. किराणा दुकानात मिळाला नाही. आता कोणी ठेवत नाही, खाण्याचाच मिळतो. मग तोच कोरड्या कढईत मंद आचेवर अर्धा तास परतला. ८४ ग्रॅमचे ५३ ग्रॅम व्हायला हवेत, आमचे ५४ झाले. बाकीचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडालं. आधी आणि नंतर चिमूटभर हळदीच्या पाण्यात टाकून पाहिलं : खाण्याच्या सोड्याने हळद जेमतेम बदलली, परतलेल्याने कुंकवासारखी लाल.

पाणी न उकळलेलंच, म्हणून पूर्ण ५२० धरले : ५.२ मिलिमोलला सोडा ०.५५ ग्रॅम. सोनाराच्या पोराने घरचा छोटा काटा आणला होता. लिटरभर बोअरमध्ये घातलं, ढवळलं, शनिवार-रविवार निवळू द्यायचं.

१४ तारखेची जोड : वरचं पाणी ७.५ मिली, १५०. शून्य का नाही? कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मॅग्नेशियमचं कार्बोनेट मात्र बऱ्यापैकी विरघळतं. राहिलेलं बहुतेक मॅग्नेशियम. त्याला हाकलायला चुन्याचीच जोड लागते.

आणि आजचा खरा धक्का. एकाच्या काकांकडे टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत याचा आकडा दाखवणारं यंत्र) आहे, पाण्याच्या जारचा धंदा करतात. मूळ बोअरचा आकडा ९१०. सोडा घालून मऊ केलेल्या पाण्याचा १०३०. वाढला! साबणाचे थेंब ४६ वरून १४ वर आलेले आणि मीटर म्हणतोय पाणी बिघडलं. मुलं दोन गटांत भांडली, मीटर खराब की आपण चुकलो. दोन्ही नाही. हे यंत्र पाण्यातून वीज किती वाहते ते बघतं आणि ठरलेल्या पाढ्याने आकडा दाखवतं. एक कॅल्शियम गेला तर सोडियम दोन आले. वीज त्यांच्यावरूनही वाहते. साबणाला आणि डाळीला सोडियमचं काही पडलेलं नाही. आत काय आहे हे मीटरला विचारायचंच नसतं, किती आहे एवढंच विचारायचं, तेही अंदाजाने.

१५ जुलै, मंगळवार

योगायोग असा की आजच गावात पाण्याचं यंत्र विकणारा एक जण आला. ग्रामपंचायतीसमोर टेबल, दोन पेले, एकात बोअरचं पाणी, एकात त्याच्या यंत्रातलं. दोन्हींत सळ्यांची जोडी सोडून वीज लावली. दोन मिनिटांत बोअरचा पेला शेवाळी-तांबडा, घाण लोंबायला लागली. यंत्राचं पाणी स्वच्छ. "हेच तुम्ही रोज पिता." बायकांच्या तोंडाला पदर. दोघांनी तिथेच आगाऊ पैसे दिले. माझे विद्यार्थी धावत शाळेत, "मॅडम, आपण ३१० आणि २१० मोजत बसलो आणि ही घाण दिसलीच नाही!"

दुपारचे दोन्ही तास यावर घालवले. ९ व्होल्टची बॅटरी, दोन लोखंडी खिळे, बोअरचं पाणी. विक्रेत्याची वीज घरची होती, आमची कमी, त्यामुळे तासभर लागला. पण घाण आली, आधी हिरवट, मग तांबूस. एका खिळ्याशी बुडबुडे, दुसरा झिजून खडबडीत. मग गॅरेजमधून आणलेल्या नितळ ऊर्ध्वपातित पाण्यात तेच खिळे : काही नाही. आता त्याच नितळ पाण्यात चमचाभर मीठ. दहा मिनिटांत पहिल्यापेक्षा जास्त घाण.

"मीठ घाण आहे का?" असं विचारलं. नाही. घाण खिळ्याची आहे. विरघळलेल्या क्षारांमुळे वीज वाहते, धन टोकाचं लोखंड पाण्यात उतरतं आणि हायड्रॉक्साइड होऊन गढूळ दिसतं. यंत्राच्या पाण्यात क्षार नव्हते म्हणून वीज नाही, म्हणून गंज नाही. शेवटी पेन्सिलीच्या शिशाच्या कांड्या लावून बोअरचं पाणी तपासलं. बुडबुडे आले, घाण नाही.

शाळा सुटल्यावर चार जणं बॅटरी, खिळे आणि मिठाची पुडी घेऊन ग्रामपंचायतीसमोर गेली. टेबल उठलेलं होतं.

१९ जुलै, शनिवार

मावशींची परीक्षा, खरं तर मावशींनी घेतलेली आमची परीक्षा. प्रत्येकी १०० ग्रॅम हरभरा चार पाण्यांत काल रात्रीपासून भिजत. आज सारखी पातेली, सारखी आच. पातेल्यांवर फक्त क, ख, ग, घ. कोणतं पाणी कशात हे मला आणि एका मुलीलाच माहीत. दर पाच मिनिटांनी मावशी दाणा काढून अंगठा आणि तर्जनीत दाबणार.

पाऊस ४० मिनिटं. नळ ४५. आड ६०. बोअर ७५ मिनिटांनंतरही आतून कचकच. गॅस बंद केला.

पण मावशींनी पंधराव्या मिनिटालाच चारही पातेल्यांची नावं सांगितली होती, चारही बरोबर. "ह्याचा फेस बघा, आन् ह्याचं पाणी कसं पांढरं पडलंय." आमची आंधळी चाचणी तिथेच डोळस झाली.

कारण असं : दाण्याच्या पेशींना एकमेकींशी जोडणारा गोंद म्हणजे पेक्टिन. शिजणं म्हणजे तो गोंद सुटणं. कॅल्शियम दोन हातांनी दोन पेक्टिनच्या साखळ्या धरून ठेवतो आणि गोंद पक्का होतो. डाळ शिजताना कॅल्शियम बाहेरच्या पाण्यातूनही आत जातं, म्हणून ती शिजायला आणखी हट्ट करते. जुन्या, वर्षभर साठवलेल्या हरभऱ्यात हे घरचंच घडलेलं असतं, त्याला पाण्याचा दोष नाही. आमचा हरभरा चारही पातेल्यांत एकाच पोत्यातला होता.

मावशी चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात ते बरोबर आहे. त्याने थोडं कॅल्शियम खाली बसतं आणि पाणी अल्कधर्मी होऊन पेक्टिनही लवकर सुटतं. बोअरच्या पाण्यात सोडा घातला तर ४५ मिनिटं. पण ब१ जीवनसत्त्व अल्कात टिकत नाही आणि हा आहार मुलांचा. सोडा शेवटचा उपाय ठेवायचा असं ठरलं. मावशींनी मान हलवली, पण डबा फळीवरून काढला नाही.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. दुपारी सुट्टी, मावशींचा उपवास, त्यामुळे दाणा चाखायचा नाही, फक्त दाबायचा.

जारवाल्या काकांनी सांगितलेल्या एका गोष्टीवरून सुचलं. मोठ्या इमारतींत पाणी मऊ करणारी टाकी असते, तिच्यात राळेचे मणी. मणी पाण्यातलं कॅल्शियम धरतात, सोडियम सोडतात. मणी भरले की त्यांना मिठाच्या पाण्याने धुतात, सोडियम गर्दी करून कॅल्शियमला ढकलून देतो. मग हरभऱ्यालाच मणी समजलं तर?

लिटरला १५ ग्रॅम मीठ घालून त्यात हरभरा काल रात्री भिजवला, बोअरच्याच पाण्यात. सकाळी ते पाणी फेकलं, दाणे धुतले, बोअरच्याच पाण्यात शिजवले. ५५ मिनिटं. ७५ ला न शिजणारा हरभरा ५५ ला. आडाच्याही पुढे. सोडा नाही, घागरी नाहीत.

मावशींनी दाणा दाबला, पुन्हा दाबला. "मीठ तर शेवटाला घालायचं असतंय, आधी घातलं तर दाणा टणक व्हतो म्हणायची माझी सासू." सासूबाईंचं म्हणणं शिजताना घालायच्या मिठाबद्दल असावं, तेही एकदा तपासून बघायला हवं. यादीत टाकलं.

२० ऑगस्ट, बुधवार

तीन दिवस झड होती, दोन दिवस शाळेला मुलंच नाहीत. आज ऊन पडलं. परवा पोळा, उद्यापासून निम्मा वर्ग बैलांमागे असेल, म्हणून वाचनं आजच उरकली. ईडीटीए जेमतेम शंभर मिली उरलंय, त्यामुळे प्रत्येकी एकदाच.

आड ८.५ मिली, १७०. जूनमध्ये २४० होता. पावसाचं नवं पाणी वरूनच उतरलंय, खडकात राहायला त्याला वेळ मिळालेला नाही. बोअर २५.५ मिली, ५१०. त्याला या पावसाचं अजून काही कळलेलं दिसत नाही. किटवाल्या ताईंच्या वहीत जूनचा आकडा ५०० आहे, म्हणजे आमचं वाचन फार चुकलेलं नव्हतं.

मुख्याध्यापक सरांनी स्वयंपाकखोलीच्या पन्हाळीखाली २०० लिटरचं पिंप बसवून दिलं, तोंडाला फडकं, पहिलं पाणी वळवायला कोपऱ्यातून वेगळी नळी. डाळ आणि कडधान्यापुरतं. पिंप रिकामं असलं की मीठ भिजवणीला. मावशी पिंपाच्या पाण्याला 'गोडं' म्हणतात आणि बोअरकडे बघत नाहीत.

ब्युरेट परत द्यायची आहे, तोटीला चीर गेलीय. गणपतीनंतरचं वाचन त्याआधी घ्यायचं.